दुव्याचं नाव आणि दुव्याचा पत्ता : सोलापुरातल्या एका वाचनसूचीचं प्रकरण

सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयाने हुतात्मा दिनासाठी वाचनसूची करायची ठरवली. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. सूचीत हे चौघे आणि त्याआधी मे १९३० मध्ये शहरावर लादलेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, आधी यायचा होता. त्याच्या जोडीने जिल्ह्याची ओळख करून देणारं बाकीचं साहित्य घ्यायचं होतं : १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, नान्नजचं माळढोक अभयारण्य, भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेली सोलापुरी चादर, १८८४ साली छापलेलं जिल्ह्याचं गॅझेटियर. यातलं पुष्कळ आज इंटरनेटवर मोफत वाचता येतं. त्याचे दुवे, म्हणजे लिंक, एकत्र करायचे, एवढंच काम.

सूची तीन ठिकाणी जायची होती. वाचनालयाच्या संकेतस्थळावरचं एक पान, सभासदांचा व्हॉट्सॲप गट आणि प्रवेशद्वाराशी लावायचा छापील तक्ता. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा असते आणि त्या दिवसांत गावात कुणी टेबलाशी बसून काम करत नाही, म्हणून डिसेंबर संपायच्या आत सगळं हातावेगळं व्हायला हवं होतं. ग्रंथपाल मॅडमनी कॉलेजच्या दोन विद्यार्थ्यांना, एका मुलीला आणि एका मुलाला, दुवे गोळा करायला बसवलं. तांत्रिक बाजू माझ्याकडे होती.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण मराठीत दुवे गोळा करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शिक्षक असो, ग्रंथपाल असो, विकिपीडियावर लिहिणारा असो की एखाद्या गटाचा ॲडमिन, यातला एखादा तरी प्रसंग कधी ना कधी गाठतोच. आणि कारण बहुतेक वेळा एकच निघतं. दुवा ही जोडी असते, पानाचं नाव आणि पानाचा पत्ता. उचलतानाच ही जोडी फुटली, तर ती पुन्हा जुळवायला मूळ साहित्य शोधण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

पहिली यादी कशी फसली

दोघांनी आपापल्या सवयीने काम केलं. मुलगी एकेक पान उघडायची, वरच्या पत्त्याच्या पट्टीवर क्लिक करायची, कंट्रोल-सी दाबायची आणि एक्सेलच्या दुसऱ्या रकान्यात पत्ता चिकटवायची. नावं नंतर लिहायची, म्हणजे लय तुटत नाही, असा तिचा हिशोब होता. मुलाचं उलट. एखाद्या पानावर संबंधित लेखांची यादी दिसली की तो ती माउसने निवडून उचलायचा आणि वर्डमध्ये टाकायचा. वर्डमध्ये निळी, अधोरेखित नावं यायची, त्यावर क्लिक केलं की पान उघडायचं. बघायला ही यादी मुलीच्या यादीपेक्षा कितीतरी नेटकी होती.

मुलीच्या तक्त्यात पत्ते आधी आणि नावं मागाहून आली. मध्येच दोनदा आलेलं एक पान तिने काढून टाकलं, पण काढलं ते फक्त पत्त्याच्या रकान्यातून. खालचे सगळे पत्ते एक घर वर सरकले, नावं जागच्या जागी राहिली. धनशेट्टींच्या नावावर क्लिक केलं की माळढोक उघडायचा, माळढोकावर केलं की चादर. वाईट म्हणजे हे वाचून कळत नव्हतं. नाव वाचनीय असतं, पत्ता नसतो, त्यामुळे चुकीची जोडी नजरेला खटकत नाही. प्रत्येक दुवा उघडून पाहिल्याशिवाय ती सापडत नाही.

मुलाची यादी मॅडमनी वर्डमधून उचलून थेट व्हॉट्सॲप गटात टाकली. थोड्याच वेळात एका ज्येष्ठ सभासदाचा निरोप आला : "मॅडम, नावं आली की ओ, पण दाबलं तर काहीच उघडेना." गटात नुसती नावं पोचली होती. पत्ते वाटेतच गळून गेले होते.

तिसरी प्रत छपाईसाठी नवी पेठेतल्या डीटीपीवाल्या काकांकडे गेली. त्यांनी बघताक्षणीच विचारलं, "हे निळं-निळं छापून काय उपयोग? कागदावर बोट ठेवून उघडणार का कुणी?" प्रश्न रास्तच होता, त्याकडे पुढे येतो.

क्लिपबोर्डवर नेमकं काय असतं

कॉपी म्हटलं की आपल्याला वाटतं, एक गोष्ट उचलली आणि दुसरीकडे ठेवली. प्रत्यक्षात क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं संगणक तात्पुरतं ठेवतो त्या जागी, एकाच गोष्टीची अनेक रूपं एकाच वेळी बसू शकतात. वेबपानावरचा दुवा निवडून उचलला तर ब्राउझर निदान दोन रूपं ठेवतो. एक साधा मजकूर, म्हणजे फक्त दिसणारी अक्षरं. दुसरं एचटीएमएल, म्हणजे वेबपानं ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती, ज्यात अक्षरांबरोबर त्यांच्यामागचा पत्ता, रंग, टंक (फॉन्ट) सगळं असतं. कोणतं रूप घ्यायचं हे चिकटवून घेणारा प्रोग्रॅम ठरवतो. वर्ड, गूगल डॉक्स, ईमेल लिहिण्याची खिडकी एचटीएमएल घेतात. व्हॉट्सॲप साधा मजकूर घेतं. मुलाच्या यादीतले पत्ते फक्त एचटीएमएल रूपात होते, म्हणून व्हॉट्सॲपपर्यंत नावं तेवढी आली.

पत्त्याच्या पट्टीतून किंवा उजव्या क्लिकच्या 'दुव्याचा पत्ता कॉपी करा' या पर्यायातून उचलण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या याच्या नेमकी उलट चालत आली आहे : पत्ता मिळतो, नाव मिळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरने २०२० मध्ये यात बदल केला. त्यात पट्टीतून पत्ता उचलला की पानाचं नावही सोबत जातं. वर्डमध्ये कंट्रोल-व्ही केलं तर नावाचा दुवा उमटतो, कंट्रोल-शिफ्ट-व्ही केलं तर नुसता पत्ता. सेटिंग्जमध्ये हे बदलता येतं. सोय चांगली आहे. पण आमच्यासारख्या, एकच दुवा तीन वेगळ्या ठिकाणी नेणाऱ्याला ती अर्धीच पुरते, कारण व्हॉट्सॲपमध्ये चिकटवलं की पुन्हा पत्ताच येतो.

व्हॉट्सॲपमध्ये नावामागे पत्ता लपवण्याची सोयच नाही. ठळक अक्षरं, तिरपी अक्षरं, यादी, अवतरण हे सगळं चिन्हं वापरून करता येतं, नावाचा दुवा मात्र करता येत नाही. त्यामुळे तिथे नाव एका ओळीत आणि पत्ता खालच्या ओळीत, हाच एक मार्ग उरतो. हे एकदा मान्य केलं की पुढचा बराच वैताग वाचतो.

देवनागरी पत्त्याची गोष्ट

इथवरचं सगळं इंग्रजी दुव्यांनाही लागू आहे. मराठी दुव्यांचा खरा त्रास यापुढे सुरू होतो, आणि आमचा बहुतेक वेळ इथेच गेला.

मराठी विकिपीडियावरचा लेख उघडला की वरच्या पट्टीत स्वच्छ देवनागरीत पत्ता दिसतो. तो उचलून चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ येते. मुलीला वाटलं, संगणकात व्हायरस आहे. व्हायरस वगैरे काही नव्हता. वेबपत्त्याच्या मूळ नियमांत ठरावीक रोमन अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं एवढीच चालतात. देवनागरी अक्षर आधी यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीने बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या छोट्या एककांत, मांडलं जातं आणि मग प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व पुढे दोन चिन्हं अशा रूपात लिहिला जातो. देवनागरीतल्या प्रत्येक संकेताला, म्हणजे संगणक स्वतंत्र मोजतो त्या प्रत्येक खुणेला, तीन बाइट लागतात, म्हणजे पत्त्यात नऊ चिन्हं. आणि संकेत म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, हे सगळे वेगवेगळे संकेत.

'सोलापूर' हा शब्द घ्या. स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार, र. सात संकेत, त्रेसष्ट चिन्हं. 'द्वारकानाथ शांताराम कोटणीस' या नावात मोकळ्या जागा सोडून चोवीस संकेत आहेत, त्यांची २१६ चिन्हं होतात. त्यात शब्दांमधल्या अधोरेषा आणि मराठी विकिपीडियाच्या पत्त्याचा सुरुवातीचा भाग मिळवला की बेरीज २४८ वर जाते. एका माणसाच्या नुसत्या नावाचा पत्ता!

हा आकडा मुद्दाम दिला. एक्सेलमध्ये दुवा तयार करणारं सूत्र वापरायचं ठरवलं, तर पत्त्यासाठी २५५ चिन्हांची मर्यादा आहे. इंग्रजी लेखांच्या यादीला ती सहसा आड येत नाही. मराठी लेखांच्या यादीत मात्र नावाआधी 'डॉ.' जोडला तरी ती ओलांडली जाते आणि घरात चूक झाल्याची खूण दिसते. वरचे दोन दुवे चालतात, तिसरा चालत नाही आणि कारण कुठेच लिहिलेलं नसतं. मराठीत काम करणाऱ्यांना अशा भिंती अंधारात लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मर्यादा घालणाऱ्याने २५५ म्हणजे भरपूर असं मानलं असणार. आपल्या लिपीत तेवढ्यात जेमतेम एक पूर्ण नाव बसतं.

मुलाने यावर एक उपाय शोधून आणला. पट्टीतला पत्ता पूर्ण न निवडता सुरुवातीचं एक अक्षर सोडून निवडला, तर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत तो देवनागरीतच उचलला जातो. सुटलेलं अक्षर नंतर हाताने लिहायचं. फायरफॉक्सच्या खोलवरच्या सेटिंग्जमध्ये तर पत्ता नेहमी देवनागरीतच कॉपी व्हावा असा पर्यायही आहे. मॅडमना हे फार आवडलं. पत्ता वाचता येतो, मराठीत दिसतो, आणखी काय हवं?

मी याला विरोध केला आणि आजही करतो. देवनागरी पत्ता माणसाला सोयीचा असला, तरी वाटेतल्या सगळ्याच प्रोग्रॅमना तो झेपतो असं नाही. काही ठिकाणी रोमन भागाशीच दुवा तुटतो आणि पुढचा देवनागरी भाग साधा मजकूर म्हणून उरतो. त्याहून मराठीचीच म्हणावी अशी एक अडचण आहे. आपण विभक्तीचे प्रत्यय शब्दाला जोडून लिहितो. पत्ता देवनागरीत संपला आणि कुणी त्याला लागून 'वर' किंवा 'मध्ये' लिहिलं, तर प्रत्यय पत्त्यातच गिळला जातो आणि नसलेलं पान उघडतं. टक्क्यांच्या पत्त्यालाही हे होऊ शकतं, पण तिथे प्रत्यय डोळ्यांना वेगळा दिसतो. देवनागरी पत्त्यात तो शब्दाचाच भाग वाटतो.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. 'ॲ' हे अक्षर संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतं : एकाच संकेताने, किंवा 'अ' लिहून त्यावर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखे, पत्ता म्हणून दोन्ही वेगळे. 'सोलापूर' आणि 'सोलापुर' यांत तर एका उकाराचा फरक, पण पत्ते दोन. शहराचं नाव जुन्या कागदपत्रांत 'शोलापूर' असंही सापडतं. म्हणून पहिला नियम आम्ही असा ठरवला की पत्ता कुणीही, कधीही हाताने लिहायचा नाही, दुरुस्तही करायचा नाही. ब्राउझरने दिला तसाच, टक्क्यांसकट ठेवायचा. नाव मात्र माणसाने वाचून ठरवायचं. टक्क्यांची माळ नावामागे लपवता येते तिथे लपवायची, आणि येत नाही तिथे काय करायचं ते वेगळं ठरवायचं.

जोडी एकत्र उचलण्याचे मार्ग

यानंतर कामाची पद्धत बदलली. पानं आधी टॅबमध्ये उघडून ठेवायची, आणि सगळ्या उघड्या टॅबची नावं व पत्ते एकाच वेळी उचलायचे. ब्राउझरला जोडायची छोटी एक्स्टेन्शन यासाठी मिळतात. 'कॉपी ॲज मार्कडाउन' हे त्यातलं एक परिचित नाव. ते सध्याच्या पानाचा किंवा सगळ्या टॅबचा दुवा मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी करण्याच्या, रीतीने देतं : चौकोनी कंसात नाव आणि लगेच गोल कंसात पत्ता : [चार हुतात्मे](पत्ता). अशाच काही एक्स्टेन्शनमध्ये साचा आपण ठरवू शकतो. आमच्यासाठी सगळ्यांत उपयोगी साचा अगदी साधा निघाला : नाव, मग कीबोर्डवरच्या टॅब कळीची मोकळी जागा, मग पत्ता, मग नवी ओळ. हा मजकूर एक्सेलमध्ये चिकटवला की नाव पहिल्या रकान्यात आणि पत्ता दुसऱ्यात, आपोआप. ओळ काढायची तर पूर्ण ओळच काढायची, एका रकान्यातलं घर कधीच नाही. पहिल्या यादीतला घोळ यानेच संपला.

एक्स्टेन्शन टाकण्याआधी मॅडमनी विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटला : "हे सगळे टॅब वाचतंय, म्हणजे सभासद काय बघतात तेही वाचेल का?" होय, वाचू शकतं. सगळ्या टॅबची नावं मागणाऱ्या एक्स्टेन्शनला क्रोम 'तुमचा ब्राउझिंग इतिहास वाचू शकतं' अशा अर्थाचा इशारा दाखवूनच परवानगी देतो. वाचनालयाचा संगणक अनेकांच्या हाताखालून जातो. म्हणून एक्स्टेन्शन फक्त मॅडमच्या संगणकावर, तेही वेगळ्या प्रोफाइलमध्ये टाकलं. सभासदांच्या संगणकांवर ते टाकलं नाही.

तिथे दुसरा मार्ग ठेवला, बुकमार्कलेट. बुकमार्कमध्ये पत्त्याऐवजी जावास्क्रिप्टची, म्हणजे ब्राउझरला समजणाऱ्या प्रोग्रॅमच्या भाषेची, एक ओळ साठवायची. क्लिक केलं की ती पानाचं नाव आणि पत्ता एकत्र करून देते. परवानगी वगैरे काही लागत नाही, कारण ती फक्त समोरच्या पानावर, क्लिक केल्यावरच चालते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्या लागतात. ही ओळ थेट पत्त्याच्या पट्टीत चिकटवली तर सुरक्षेसाठी ब्राउझर तिची सुरुवात छाटून टाकतो, म्हणून ती बुकमार्कमध्येच ठेवायची. आणि क्लिपबोर्डवर लिहिण्याची आधुनिक सोय सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस असलेल्या पानांवरच मिळते. साध्या एचटीटीपीवरच्या पानांसाठी आम्ही छोट्या चौकटीत मजकूर दाखवून तो हाताने उचलण्याची वाट ठेवली.

फायरफॉक्सच्या जुन्या वापरकर्त्यांना यासाठी पूर्वी फार चांगली साधनं होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या आवृत्ती ५७ पासून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन चालेनाशी झाली आणि त्यातली कित्येक पुन्हा लिहिली गेलीच नाहीत. जुन्या लेखांत वाचून एखादं शोधायला जाल तर हे आधी तपासा.

मार्कडाउन वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. पत्त्यातच गोल कंस असेल, आणि विकिपीडियावर सारख्या नावांचे लेख वेगळे करायला तो बऱ्याचदा असतो, तर काही ठिकाणी दुवा पहिल्या बंद कंसालाच संपतो. नावात चौकोनी कंस असला तरी तोच प्रकार. विकिपीडियाच्या आत लिहिताना तर रीतच वेगळी आहे : बाहेरच्या दुव्याला एकच चौकोनी कंस, आधी पत्ता, मग मोकळी जागा, मग नाव. क्रम उलटा, म्हणून एकीकडचं उचलून दुसरीकडे चालत नाही.

नावांची साफसफाई

यंत्र जे नाव देतं ते संकेतस्थळाने ठेवलेलं नाव असतं, वाचकासाठी ठेवलेलं नसतं. विकिपीडियाच्या प्रत्येक नावामागे 'विकिपीडिया' येतं. बातम्यांच्या पानांवर उभी रेघ आणि वर्तमानपत्राचं नाव येतं. पीडीएफ फाइलींचं तर विचारूच नका. कुणीतरी वर्षांपूर्वी वर्डमधून पीडीएफ काढली असते, आणि टॅबवर 'मायक्रोसॉफ्ट वर्ड' या शब्दांपासून सुरू होणारं फाइलचं नाव झळकत असतं. आत मार्शल लॉविषयी मोलाचा मजकूर असला, तरी नाव पाहून कुणी उघडणार नाही.

ही नावं मुलीने एकेक करून नीट केली, आणि या सगळ्या कामातलं खरं संपादन मी हेच मानतो. शेपट्या काढल्या, पीडीएफना आत वाचून नाव दिलं. जुन्या गॅझेटियरच्या नावात मूळ वर्तनी तशीच ठेवून पुढे 'सोलापूर जिल्हा, १८८४' असं जोडलं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. हुतात्म्यांच्या नावांचे लेखनभेद बरेच आहेत. श्रीकिसन कुठे श्रीकृष्ण होतात, कुर्बान हुसेन कुठे पूर्ण नावाने येतात. सूचीत एकच रूप ठेवलं, पत्त्यातलं रूप मात्र जसंच्या तसं राहिलं. नाव आणि पत्ता वेगळ्या रकान्यांत असले की हे निर्धास्तपणे करता येतं.

पत्त्यांच्या शेपट्यांचा प्रश्न वेगळा. फेसबुकवरून किंवा बातम्यांच्या दुव्यांतून आलेल्या पत्त्यांमागे वाचक कुठून आला हे टिपणारी लांब पुरवणी असते. फायरफॉक्समध्ये २०२३ पासून अशा पुरवण्या वगळून दुवा उचलण्याचा पर्याय आहे, ब्रेव्ह या ब्राउझरमध्येही आहे, आम्ही तोच वापरला. हाताने छाटणी मात्र केली नाही. प्रश्नचिन्हापुढचं सगळंच कचरा नसतं. यूट्यूबच्या दुव्यात व्हिडिओची ओळखच प्रश्नचिन्हापुढे असते, ती कापली तर उरतं ते यूट्यूबचं दार.

क्रोममध्ये निवडलेल्या वाक्यापर्यंत नेणारा दुवा उचलायची सोयही आहे. गॅझेटियरसारख्या लांब पानांसाठी ती आकर्षक वाटते. पण ते वाक्यच पत्त्यात जातं, आणि मराठी वाक्य असेल तर नऊपटीचा हिशोब पुन्हा लागू होतो. इंग्रजी गॅझेटियरसाठी ती वापरली, मराठी पानांसाठी टाळली. इंटरनेट आर्काइव्हवरच्या स्कॅन केलेल्या पुस्तकांत हव्या त्या पानाचा थेट पत्ता पट्टीतच मिळतो, तिथे याची गरजच नव्हती.

तीन ठिकाणी तीन रूपं

आता मूळ तक्ता एकच, त्यातून तीन रूपं तयार केली. संकेतस्थळासाठी नाव आणि पत्ता एचटीएमएलच्या खुणांमध्ये बसवणारं सूत्र तिसऱ्या रकान्यात लिहिलं. हे फक्त मजकूर जोडणारं सूत्र आहे आणि पत्ता शेजारच्या घरातून घेतं, म्हणून २५५ ची अडचण इथे येत नाही. पत्त्यातल्या 'अँड' (&) या चिन्हाला एचटीएमएलमध्ये विशेष अर्थ असतो, तेवढं बदलून घ्यावं लागतं.

व्हॉट्सॲपसाठी नाव दोन तारकांमध्ये (*), म्हणजे ठळक, खाली पत्ता, मग एक ओळ मोकळी. विकिपीडियाच्या लेखांना विकिमीडियाचीच आखूड पत्ते देणारी सोय वापरली, त्यामुळे टक्क्यांच्या माळा गेल्या. इतर दुव्यांसाठी खासगी सेवांचे आखूड पत्ते घ्यायचे का, यावर बराच वाद झाला. मुलगा म्हणत होता, घेऊ या, सुटसुटीत दिसतील. माझं मत विरुद्ध होतं. गूगलने २०१९ मध्ये आपली ही सेवा नव्या दुव्यांसाठी बंद केली. एवढ्या मोठ्या कंपनीची सेवा थांबू शकते, तर वाचनालयाने वर्षानुवर्षे टिकायला हवी अशी सूची तिसऱ्याच्या भरवशावर का ठेवावी? शेवटी लांब पत्ते लांबच राहू दिले. एका निरोपात पूर्वदर्शनाची चौकट एकाच दुव्याची येते, म्हणून महत्त्वाचा दुवा प्रत्येक निरोपात सर्वांत वर घेतला.

छापील तक्त्यावर मात्र अडलं. काकांचं म्हणणं होतं की प्रत्येक नावासमोर पत्ता छापू. त्यांनी एक नमुना काढलाही, आणि त्यात पत्त्यांच्या जागी निरर्थक मराठी अक्षरं आली. काकांकडे जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवलेले सामाईक संकेत) नसलेल्या मराठी टंकांत काम चालतं. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांच्या आकृत्या बसवलेल्या असतात. त्यामुळे मराठी मजकुराबरोबर पत्त्यालाही तोच टंक लागला की पत्ता मराठी कचऱ्यासारखा दिसतो. त्याला वेगळा रोमन टंक लावला की तो पुन्हा नीट होतो. काकांना हे लगेच पटलं, त्यांनी दुसरा नमुना पाठवला. पण टक्क्यांची माळ पाहून कागदावरून कोण ती टाइप करणार? प्रत्येक नावासमोर क्यूआर छापायचा विचार झाला, तर लांब पत्त्यांचे क्यूआर इतके दाट ठिपक्यांचे आले की झेरॉक्सच्या दुसऱ्या प्रतीत फोनने ते ओळखलेच नाहीत.

निर्णय मॅडमनी घेतला आणि तो उत्तम होता. तक्त्यावर फक्त क्रमांक आणि नावं. खाली वाचनालयाच्या संकेतस्थळावरच्या त्या एका पानाचा आखूड रोमन पत्ता आणि त्याचाच एक मोठा क्यूआर. पानावर नावं त्याच क्रमांकाने. एखादा दुवा बदलला तर पानावर दुरुस्त करायचा, तक्ता पुन्हा छापायची गरज नाही.

फोनवरून दुवे पाठवणाऱ्या सभासदांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. फोनवर 'शेअर' दाबलं की काही ॲप नावासह दुवा देतात, काही नुसता पत्ता, काही भलतंच प्रचाराचं वाक्य जोडतात. सध्या ठरलंय ते असं : सभासदांनी फोनवरून दुवा जसा येईल तसा पाठवायचा, त्याला नाव द्यायचं नाही. आठवड्यातून एकदा मुलगी ते सगळे मॅडमच्या संगणकावर टॅबमध्ये उघडते, वाचते, नावं-पत्ते एकत्र उचलते, नावं नीट करते आणि मगच ओळ तक्त्यात घेते.